कारंजा लाडचा कापूस बाजार

भारतातील पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे सुरू झाला. हे गाव आज वाशिम जिल्ह्यात आहे. कारंजा ज्या वऱ्हाडात येते, ते त्या काळी हैदराबाद रेसिडेन्सीमार्फत ब्रिटिश प्रशासनाखाली होते. सरकारचा मुख्य हेतू मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस वाजवी भावात मिळावा, हा होता. शेतकऱ्याचे हित त्यात दुय्यमच होते.

तरीही गरज खरी होती. त्या काळच्या कापूस बाजारांत दलाल रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत आणि गाडीवान शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला सौद्याचा पत्ता नसे. वजनात कडता कापला जाई. वर अडत, हमाली, धर्मादाय. पट्टी हाती येईपर्यंत रकमेला चांगलीच कात्री लागलेली असे.

1897 च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजाराची जागा, वजनमापे आणि दलाल-मापाड्यांचे परवाने यांना नियम लावले. मात्र बाजार समितीत व्यापाऱ्यांचेच प्राबल्य होते आणि पिकवणाऱ्याला जागा नव्हती. हा या कायद्याचा सर्वांत मोठा दोष. मुंबई प्रांताने 1927 च्या कापूस बाजार कायद्यात शेतकऱ्यांना प्रतिनिधित्व दिले. 1928 मध्ये शेतकी रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांचा देशभर पुरस्कार केला.

महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा 1963 चा. कारंज्याच्या बाजार समितीत आता सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याची मोठी आवक होते.