नाशिक रोडचे तिकीट, केशरी रंग आणि नवशिक्याची पाच इंग्रजी वाक्ये

२१ नोव्हेंबर १९४७ रोजी स्वतंत्र भारताचे पहिले टपाल तिकीट विक्रीस आले. किंमत साडेतीन आणे. त्यावर फडकणारा तिरंगा, देवनागरीत ‘जय हिंद’ आणि इंग्रजीत १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख. ते छापले गेले नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. १९२५ मध्ये हा छापखाना उभा राहण्यापूर्वी हिंदुस्थानची तिकिटे लंडनहून छापून येत असत.

साडेतीन आण्यांचे हे तिकीट परदेशी जाणाऱ्या पत्रांसाठी होते. देशातल्या पत्रांसाठी अशोकस्तंभाचे दीड आण्याचे तिकीट पुढच्या महिन्यात, १५ डिसेंबरला निघाले. म्हणजे ज्यांनी तिरंगा प्रत्यक्ष पाहिला नव्हता, अशा दूरदेशीच्या कित्येकांना तो पहिल्यांदा भेटला असणार तो नाशिकच्या शाईत. तिकिटावर चित्र होते, त्यामुळे वर्णनाची गरज नव्हती. पण चित्र हाताशी नसेल आणि ध्वज केवळ शब्दांतून, तोही परक्या भाषेतून, दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचा असेल तर? नाशिकच्या मराठी शाळेत इंग्रजीची नुकतीच तोंडओळख झालेल्या मुलापुढे हाच प्रश्न असतो, आणि १९४७ च्या जुलैमध्ये घटना समितीपुढेही हाच होता.

मुलाचे उत्तर साधारण पाच वाक्यांचे असते. ‘धिस इज अवर नॅशनल फ्लॅग. इट हॅज थ्री कलर्स. सॅफ्रन इज ॲट द टॉप, व्हाइट इज इन द मिडल, ग्रीन इज ॲट द बॉटम. देअर इज अ व्हील इन द मिडल. द व्हील इज ब्लू.’ शिक्षकाच्या दृष्टीने यापेक्षा सोयीचा विषय नाही. वस्तू प्रत्येक शाळेत असते, वर्षातून निदान दोनदा सर्वांसमोर उभारली जाते, आणि रंग, संख्या, आकार, वर-खाली-मध्ये हे नवशिक्याचे बहुतेक सगळे सामान तिच्यात सापडते.

अडचण व्याकरणाची. मराठीत ‘हॅव’ असे क्रियापदच नाही. आपण ‘ध्वजाला तीन रंग आहेत’ म्हणतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या वळणाने शिकलेला विद्यार्थी हे वाक्य शब्दास शब्द ठेवून उतरवू लागला, की ‘टू द फ्लॅग थ्री कलर्स आर’ असे काहीतरी निघते. ‘देअर इज’ मधल्या ‘देअर’ला मराठीत जागाच नाही; मूल त्याचा अर्थ ‘तेथे’ असा लावते आणि चक्राकडे बोट दाखवते. ‘पट्ट्याच्या मध्यभागी’ यातले ‘मध्यभागी’ मराठीत नामामागून येते, इंग्रजीत ते आधी आणावे लागते. १९५८ मध्ये हैदराबादेत केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. त्या काळात देशभर रुजलेल्या रचनापद्धतीचा रोख याच दुखण्यावर होता : भाषांतर सोडा, वस्तू दाखवा, एकेक वाक्यरचना घटवून घ्या.

ही वाक्ये कोणत्या वयात म्हणायची, हा मात्र वर्गातला प्रश्न नव्हता, तो राजकारणाचा होता. ब्रिटिश अमलात मराठी चौथीनंतर मूल ‘इंग्रजी पहिली’त जाई. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने इंग्रजीची सुरुवात आठवीपर्यंत पुढे ढकलली. नाशिक शहरातल्या मराठी शाळेतला मुलगा आता तेराव्या-चौदाव्या वर्षी ‘धिस इज अ फ्लॅग’ म्हणू लागणार होता. त्याच नाशिक जिल्ह्यात देवळालीच्या बार्न्स हायस्कुलात मात्र सगळेच शिक्षण इंग्रजीतून चाले. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने आदेश काढला : ज्यांची भाषा इंग्रजी आहे अशा अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या नागरिकांखेरीज कोणालाही इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे प्रवेश देऊ नये. बार्न्स चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी आणि प्रवेश नाकारला गेलेली कुटुंबे न्यायालयात गेली. २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. भाषेच्या कारणावरून नागरिकाला सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळेची दारे बंद करता येणार नाहीत, हा या निकालाचा गाभा. देवळालीचे हे प्रकरण आजही घटनेच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते. पुढे जून २००० पासून महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली. तेराव्या वर्षीची पाच वाक्ये सहाव्या वर्षावर आली.

या वाक्यांना बाळबोध समजण्याची चूक मात्र करू नये. ‘ॲट द टॉप, इन द मिडल, ॲट द बॉटम’ एवढ्या तीन जागा हाती असल्या, तर आपल्या ध्वजाचा अर्धा इतिहास सांगून होतो. १९२१ च्या सुमारास गांधीजींच्या सूचनेवरून साकारलेल्या, पिंगली वेंकय्यांचे नाव ज्याच्याशी जोडले जाते त्या स्वराज्य-ध्वजात वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली लाल पट्टा होता, आणि पट्ट्यांवर चरखा. १९२३ मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात लोक जो ध्वज घेऊन तुरुंगात गेले, तो या काळातला. म्हणजे त्या वर्षी नागपूरच्या एखाद्या मुलाने ध्वजाचे वर्णन केले असते, तर आजच्या मुलाशी त्याचा एकही रंग जागेवर जुळला नसता. ‘सॅफ्रन’ हा शब्द तर त्याला लागलाच नसता.

तो शब्द आला १९३१ मध्ये. जुन्या ध्वजातला लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतरांचा, असा अर्थ रूढ झाला होता. मग आमचा रंग कोणता, असे शीखांनी विचारले. काँग्रेसने सात जणांची ध्वजसमिती नेमली. तीत पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, ना. सु. हर्डीकर आणि साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर होते. समितीचा सल्ला विलक्षण होता : सगळा ध्वज एकाच रंगाचा, केशरी, आणि त्यावर तांबूस तपकिरी चरखा. नवशिक्याला दोनच वाक्ये पुरली असती! अखिल भारतीय काँग्रेस समितीने मात्र तो स्वीकारला नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये केशरी, पांढरा, हिरवा असा तिरंगा ठरला, मध्ये निळा चरखा, आणि रंगांचा कोणत्याही जमातीशी संबंध नाही असे स्पष्ट नोंदवले गेले.

२२ जुलै १९४७ रोजी नेहरूंनी घटना समितीपुढे मांडलेला ठराव इंग्रजी वर्णनाचा नमुना म्हणून वाचावा असा आहे. आडवा तिरंगा, गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा, तिन्ही सारख्या प्रमाणात, पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी चरख्याचे प्रतीक म्हणून गर्द निळे चक्र, चक्राचा नमुना सारनाथच्या सिंहस्तंभशीर्षावरील चक्राचा, व्यास साधारण पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीएवढा, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण सामान्यतः २:३. बस्स. एकही विशेषण शोभेचे नाही. चक्राला आरे किती, हेसुद्धा त्यात नाही. ते सारनाथच्या शिल्पावर मोजायचे, म्हणजे २४ भरतात.

आणि त्यात रंगांचा अर्थ दिलेला नाही. आज शाळेत वर्णनाआधी अर्थच पाठ होतो : ‘सॅफ्रन स्टँड्स फॉर करेज’. मुलाला ध्वज दाखवण्यापूर्वीच त्याची व्याख्या हाती दिली जाते. ठरावकर्त्यांनी नेमके उलटे केले होते. डोळ्यांना दिसते ते ठरावात घातले, अर्थ भाषणांवर सोडला. त्याच दिवशी डॉ. राधाकृष्णन यांनी वरच्या पट्ट्याची सांगड त्यागाशी घातली, हिरव्याची भूमी आणि वनस्पतीशी. १९३१ मध्ये त्याच वरच्या रंगाचा अर्थ धैर्य आणि त्याग असा दिला होता. अर्थ सोळा वर्षांत थोडा सरकला; रंग जागेवर राहिला.

तरीही वर्णन करणाऱ्यांना एका शब्दापाशी अडखळावे लागलेच. ठरावात ‘सॅफ्रन’ या इंग्रजी शब्दाला जोडून कंसात ‘केसरी’ हा देशी शब्द लिहावा लागला, जणू एकट्या इंग्रजी शब्दावर कोणाचा भरवसा नव्हता. राधाकृष्णन यांनी त्याच सभागृहात, त्याच दिवशी, त्याच रंगाला ‘भगवा’ म्हटले. मराठी कानाला हे दोन शब्द एक नाहीत. भगवा हा शिवकाळापासूनच्या झेंड्याचा, वारकऱ्याच्या पताकेचा रंग. १४ जुलै २०१५ रोजी रामकुंडावर सिंहस्थाचे ध्वजारोहण झाले, तेव्हा पंचवटीतल्या मुलांनी पाहिला तो भगवा. केशरी म्हणजे केशराचा, श्रीखंडात उतरतो तो. गंमत अशी, की ठरावातला ‘केसरी’ मराठी वाचकाने जसाच्या तसा वाचला, तर त्याला रंग आठवणारच नाही. त्याला १८८१ चे टिळकांचे वृत्तपत्र आठवेल, कारण मराठीत केसरी म्हणजे सिंह. इंग्रजीत मात्र भगवा, केशरी आणि केसरी या तिघांची पाठवणी एकाच ‘सॅफ्रन’मध्ये होते, आणि तिसरे वाक्य म्हणणाऱ्या मुलाला हे कोणी सांगत नाही.

‘व्हील’चेही तसेच. मुलाला व्हील म्हणजे सायकलचे चाक. नेहरूंनी सभागृहाला कारण सांगितले होते : ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे, आणि चाती-चाकाचा अख्खा चरखा मागून पाहिला तर उलटा दिसतो. म्हणून चाती गेली, चाक राहिले. शिक्षकाने कागदी ध्वज नुसता उलटून दाखवला, तरी ‘बोथ साइड्स आर द सेम’ हे सहावे वाक्य फुकट मिळते आणि त्यामागचा इतिहासही.

कोणी म्हणेल, नवशिक्याला इतके कशाला? ‘ऑरेंज’ आणि ‘सर्कल’ म्हटले तर काय बिघडले? बिघडते ते असे. ‘ऑरेंज ॲट द टॉप, व्हाइट इन द मिडल, ग्रीन ॲट द बॉटम, अ सर्कल इन द मिडल.’ हे वर्णन भारताच्या ध्वजाचे नाही. ते पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर या देशाच्या ध्वजाचे आहे. तो १९५९ मध्ये स्वीकारला गेला. पट्टे आडवे, रंग त्याच क्रमाने, मध्ये नारिंगी वर्तुळ. ‘आडवे’ हा शब्द आणि वर्तुळ गाळून नुसता रंगांचा क्रम सांगितला, तर आयव्हरी कोस्टही त्यात येऊन बसतो. भारत आणि नायजर यांच्यात फरक करणारे तीनच शब्द आहेत : सॅफ्रन, व्हील, ब्लू.

सरकारलाही अखेर शब्दांवर थांबता आले नाही. भारतीय मानक संस्थेचे अगदी पहिले मानक, आयएस १, हे १९५१ मध्ये राष्ट्रध्वजाचेच निघाले. रंग, कापड, मापे सगळी त्यात बांधून दिली. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेत वरच्या पट्ट्याला ‘इंडिया सॅफ्रन’ असे नाव आहे, आणि त्याच्याही शेजारी कंसात पुन्हा तो ‘केसरी’ आहेच.

नाशिक रोडच्या तिकिटाकडे परत येऊ. टपालतिकिटांच्या नावाजलेल्या इंग्रजी सूचीत त्याची नोंद ‘ऑरेंज-रेड, ब्लू अँड ग्रीन’ अशी आहे. सूचीकाराने शाया मोजल्या आणि नारिंगी-तांबडी, निळी, हिरवी असे लिहिले. त्याच्या वर्णनात सॅफ्रन नाही आणि पांढराही नाही. पांढऱ्याला शाई लागलीच नव्हती. तो नाशिकच्या छापखान्यात कोरा सोडलेला कागद होता.