थंडी, रबर आणि रस्ता: टायरच्या पकडीच्या शोधाचा इतिहास

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरापासून सफदरजंगची वेधशाळा फार दूर नाही. राजधानीच्या थंडीचा अधिकृत आकडा तिथूनच जाहीर होतो. १ जानेवारी २०२१ रोजी तिथे किमान तापमान १.१ अंश सेल्सिअस नोंदले गेले. १६ जानेवारी १९३५ रोजी तर पारा उणे ०.६ अंशांपर्यंत उतरला होता. अशा सकाळी दुधाच्या पिशव्या, वर्तमानपत्रे आणि घरपोच मागवलेले खाद्यपदार्थ घेऊन हजारो दुचाकी या शहरात धावत असतात.

जानेवारी २०२४ मधल्या अशाच एका सकाळी वसाहतीच्या गल्लीतून वळताना माझ्या जुन्या मोटरसायकलचे मागचे चाक अचानक बाजूला सरकले. वेग पंधरा-वीस किलोमीटरच होता, त्यामुळे कोपर खरचटण्यावर निभावले. शेजारचे काका म्हणाले, "दव पडलं असणार, दुसरं काय!" मी रस्त्यावरून हात फिरवून पाहिला; तो कोरडा होता. टायरची नक्षीही पुरेशी खोल होती. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने मात्र रबरावर नख रुतवून पाहिले आणि निकाल दिला, "साहब, टायर पत्थर हो गया है।"

पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून थोडे ओशाळल्यासारखे झाले. कारण त्या नखाच्या परीक्षेत जे ज्ञान होते, ते सूत्रात मांडायला विज्ञानाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे लागले.

रबर थंडीत दगड होते, ही तक्रार नवी नाही. रबर-उद्योगाचा इतिहास जवळजवळ तिच्यापासूनच सुरू होतो. १८३० च्या दशकात अमेरिकेत रबरी कोट आणि बूट यांची लाट आली आणि लवकरच ओसरली. उन्हाळ्यात माल चिकट होऊन वितळू लागे, हिवाळ्यात ताठ होऊन तडकू लागे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांचा उपाय सापडला. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळाले. या व्हल्कनीकरणाने रबराच्या लांबलचक रेणुसाखळ्या एकमेकींना जागोजागी बांधल्या गेल्या. उन्हाळ्यातील चिकटपणा गेला, थंडीत स्फटिक तयार होऊन येणाऱ्या ताठरपणालाही बराच आळा बसला. गुडइयर मात्र १८६० मध्ये कर्जबाजारी अवस्थेत मरण पावला. त्यापूर्वीच, १८४५ मध्ये, रॉबर्ट थॉमसनने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते. ते विस्मरणात गेले आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने तीच कल्पना पुन्हा शोधून काढली. टायर आला, मोटरसायकल आली; पण रबर रस्त्याला धरते कसे, हा प्रश्न कोणी गांभीर्याने विचारला नव्हता.

त्याचे एक कारण असे की उत्तर आधीच ठाऊक आहे, असा सर्वांचा समज होता. शाळेत आपण घर्षणाचे जे नियम शिकतो, ते आमाँताँ यांनी १६९९ मध्ये आणि कूलाँ यांनी १७८५ मध्ये मांडले. घर्षण भाराच्या प्रमाणात असते, दिसणाऱ्या स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते आणि वेगाने त्यात फारसा फरक पडत नाही. लाकूड आणि धातू यांना हे नियम बऱ्यापैकी लागू पडतात. रबर मात्र ते पाळत नाही. त्याचे घर्षण वेगानुसार बदलते, तापमानानुसार बदलते, आणि भार दुप्पट केला तरी दुप्पट होतेच असे नाही.

दुसऱ्या महायुद्धाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. १९४२ मध्ये आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले आणि अमेरिकेने स्टायरीन-ब्युटाडाइनचे कृत्रिम रबर प्रचंड प्रमाणात बनवायला घेतले. प्रत्येक रबराला एक असे तापमान असते, ज्याखाली ते काचेसारखे कठीण होते. नैसर्गिक रबरासाठी ते सुमारे उणे ७० अंश, तर नेहमीच्या स्टायरीन-ब्युटाडाइन रबरासाठी सुमारे उणे ५० अंश आहे. म्हणजे दिल्लीच्या थंडीत कोणतेही टायर काच होणार नाही. मग ते कठीण का भासते?

याचे उत्तर १९५३ ते १९६३ या दशकात मिळाले. इंग्लंडमध्ये वेल्विन गार्डन सिटी येथे नैसर्गिक रबर उत्पादकांनी चालवलेली एक संशोधनसंस्था होती. तिथे अ‍ॅडॉल्फ शालामाख यांनी १९५३ मध्ये दाखवले की रबराच्या घर्षणात वेग आणि तापमान ही एकमेकांशी जोडलेली राशी आहेत. १९५५ मध्ये विल्यम्स, लँडेल आणि फेरी या अमेरिकन संशोधकांनी त्या नात्याचे सूत्र दिले: रबर थंड करणे आणि त्याला अधिक वेगाने हलवणे, या दोन्हींचा परिणाम सारखाच असतो. रेणुसाखळ्यांना वळायला जो वेळ लागतो, तो थंडीत वाढतो; धक्का त्याहून लवकर आला तर साखळी वळण्याऐवजी अडून बसते. १९५८ मध्ये केंब्रिजच्या ग्रीनवूड आणि टेबर यांनी वंगण लावलेल्या रबरावर प्रयोग केले. चिकटण्याचा वाटा जवळजवळ काढून टाकला, तरी घर्षण उरतेच. कारण दबलेले रबर पूर्ववत होताना मिळालेली सगळी ऊर्जा परत करत नाही, काही भाग उष्णतेत घालवते.

१९६३ मध्ये वेल्विनच्याच ग्रॉश यांनी हे सगळे धागे एकत्र विणले. घर्षणाच्या उष्णतेने मापन बिघडू नये म्हणून त्यांनी रबर अतिशय मंद वेगाने, सेकंदाला जास्तीत जास्त काही सेंटिमीटर एवढ्याच गतीने, काचेवर आणि खरखरीत पृष्ठभागावर सरकवले. वेगवेगळ्या तापमानांचे आलेख त्या सूत्रानुसार सरकवताच ते एकाच वक्रावर येऊन बसले. वक्राला एक शिखर होते: वेग किंवा थंडी वाढत गेली की पकड आधी वाढते आणि मग ढासळते. खरखरीत पृष्ठभागावर मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी पसरली की चिकटण्याचा वाटा नाहीसा होई आणि ऊर्जाक्षयाचा वाटा तेवढा उरे.

याचा अर्थ असा की पकडीसाठी रबराकडून दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. रस्त्याच्या खाचखळग्यांत शिरण्याइतके ते मऊ हवे आणि शिरल्यावर थोडी ऊर्जा गमावण्याइतके आळशी हवे. थंडी पहिल्या गुणावर घाला घालते. उणे ५० अंशांना काच होणारे रबर घेऊन मी त्या सूत्राने हिशेब केला: ३५ अंशांवरून ५ अंशांवर येणे म्हणजे रबराच्या दृष्टीने रस्त्याचे धक्के सुमारे सत्तर पट वेगाने येणे. ताज्या रबराला हा बदल सोसतो, कारण त्याच्याकडे मऊपणाची शिल्लक असते. जुन्या टायरमध्ये ऑक्सिजनमुळे साखळ्यांत नवे बंध तयार झालेले असतात आणि मऊपणा देणारे तेलही कमी झालेले असते. तिथे शिल्लक आधीच संपलेली असते. शर्यतीच्या टायरची गोष्ट निराळी, पण धडा तोच: ते खूप तापल्यावरच काम करतात, म्हणून थंड असताना साध्या टायरपेक्षाही धोक्याचे ठरतात.

हीच चूक एकदा साऱ्या जगासमोर उघडी पडली. २८ जानेवारी १९८६ च्या सकाळी चॅलेंजर यान झेपावले तेव्हा केप कॅनाव्हेरलचे तापमान सुमारे २ अंश होते, म्हणजे दिल्लीतील कडाक्याच्या सकाळीइतकेच. बूस्टरच्या सांध्यातील रबरी कडे वेळेत पूर्वस्थितीला आले नाही आणि सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. पुढे चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. पंक्चरवाल्याच्या नखाची आणि फाइनमन यांच्या त्या पेल्याची परीक्षा मुळात एकच आहे.

पुढचा अध्याय इंधनाचा आहे. ऊर्जा गमावणारे टायर पकड देते, पण इंधनही खाते. १९९० च्या दशकाच्या आरंभी मिशलिनने काजळीऐवजी सिलिका वापरून या कोंडीतून वाट काढली: चाकाच्या फिरण्यातला मंद ऊर्जाक्षय कमी केला आणि घसरणीच्या वेळचा जलद ऊर्जाक्षय टिकवला. भारतात १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉपचा कारखाना सुरू झाला. १९५८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिएटने भांडुपला कारखाना उभारला. आपल्या बाजारात मात्र ग्राहकाचा पहिला प्रश्न अजूनही "अ‍ॅव्हरेज किती देते?" हाच असतो.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने ओल्या रस्त्यावरील पकडीचे किमान निकष अधिसूचित केले. ते मोटारी, हलकी मालवाहू वाहने आणि ट्रक-बस यांच्या टायरांसाठी आहेत. त्या वर्गांत दुचाकी नाही. त्याच वर्षी देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. या सगळ्या मृत्यूंचे खापर टायरवर फोडता येणार नाही. पण ज्या वाहनाला दोनच चाके आहेत, त्याच्या पकडीचे मापन सर्वांत आधी व्हायला हवे होते, एवढे म्हणणे पदार्थविज्ञानाला धरून आहे.

निकष येतील तेव्हा येतील. तोवर विद्यार्थी मित्रांनी एक प्रयोग करून पाहावा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर ३५१६ होते, म्हणजे २०१६ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत, वय सात वर्षांहून अधिक. हवाही तपासावी. चाळीस अंशांना भरलेला २९ पीएसआय दाब पाच अंशांना, गळती न होताही, २४ वर येतो; त्यामुळे "थंडीत हवा थोडी कमीच बरी" हा सल्ला मानण्याआधी दाब मोजावा. आणि सकाळचे पहिले काही किलोमीटर वळणावर गाडी कमी झुकवावी, ब्रेक हलक्या हाताने लावावा.

काकांचे म्हणणेही अगदीच खोटे नव्हते. दव आणि धूळ यांचा थर हिवाळ्यात चाके घसरवतोच. फक्त त्या दिवशी दोष रस्त्याचा नव्हता. मी टायर बदलला. जुना त्याच पंक्चरवाल्याकडे दिला. त्याने तो दुकानापुढे आडवा टाकला आहे, गिऱ्हाइकांना बसायला. बसायला तो उत्तम आहे, अजिबात दबत नाही.