तेरला जाऊन तेर न बघता परत येणारे आपण



यंदाच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलीची शाळेची सहल हुकली. सहल होती वॉटर पार्कची. फी एवढी, की घरात दोन पोरं शिकत असतील तर एकाचीच भरता येईल. धाकट्याची भरली, ही घरी राहिली. तिची आई माझ्या आईला सहज म्हणाली, "आमच्यासारख्याला कुठलं आलंय फिरणं, काकू." त्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि मला तेच जास्त लागलं.

त्या रविवारी आम्ही तेरला गेलो. आई, बायको, आमची दोन पोरं, ती मुलगी आणि तिची आई. लाल परीने. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट, बारा वर्षांच्या आतल्या पोरांना अर्धं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईला तर तिकीटच नाही. डब्यात पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, दही. सात माणसांचा दिवसभराचा खर्च सहलीच्या एका फीच्या निम्म्याहून कमी झाला.

आता तुम्ही म्हणाल, तेरचं काय सांगता, आम्ही दर वर्षी जातो. जातोच आपण. धाराशिवपासून वीस-पंचवीस किलोमीटर. एकादशीला जातो, चैत्रात यात्रेला जातो, गोरोबाकाकांचं दर्शन घेतो, तेरणेच्या काठावर डबा खातो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मीही चाळिशी ओलांडेपर्यंत तेच केलं. पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना प्रकल्पासाठी अजिंठ्याला जाऊन आलो, पण घराजवळच्या तेरचं म्युझियम आतून बघायला मला पुढं पंधरा वर्षं लागली.

तर या गावाची गोष्ट ऐका.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत व्यापाऱ्यांसाठी एक माहितीपुस्तक लिहिलं गेलं, 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, असा सगळा हिशेब त्यात आहे. दक्षिणापथातली दोन मोठी बाजारपेठेची शहरं म्हणून त्यात पैठण आणि तगर ही नावं येतात. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून भडोच बंदराकडे कापड जायचं. जाडंभरडंही जायचं आणि तलम मलमलही. तेही रस्ता नसलेल्या मुलखातून, गाड्यांवर लादून. आपल्या भागातल्या रस्त्यांबद्दलची ही बहुधा पहिली लेखी नोंद! पुढं टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे राज्य करत होते दुसरीकडेच, पण ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे. मूळ गाव सांगायला अभिमान वाटावा असं हे शहर होतं.

आणि मग ते हरवलं. म्हणजे गाव जागेवरच होतं, विद्वानांना सापडेना. विल्फर्ड म्हणाले, तगर म्हणजे देवगिरी. पंडित भगवानलाल इंद्रजींना जुन्नर वाटलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर सुचवलं. शेवटी १९०१ साली शिलालेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी मांडलं की तगर म्हणजे निजामाच्या मुलखातलं तेर. लगोलग हेन्री कझिन्स इथं येऊन गेले. त्यांचा लेख पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात आहे. शंभरेक वर्षं मोठमोठी माणसं नकाशावर बोट फिरवत होती आणि गाव आपलं जवळपास तेच नाव घेऊन बसलं होतं.

त्रिविक्रमाच्या देवळात आपण सहसा जातच नाही, गेलो तरी नमस्कार करून बाहेर. इथं मात्र थांबा आणि मागच्या बाजूनं बघा. गाभारा चौकोनी नाही. मागची भिंत अर्धगोल आणि वरचं छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. असा आकार कार्ले-भाज्याच्या लेण्यांत दिसतो, पण ते डोंगरात कोरलेलं. इथं तो विटांनी बांधलेला, मोकळ्यावर उभा. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावं असं कझिन्स यांनी मांडलं. पुढं समोर मंडप जोडला गेला आणि आत त्रिविक्रम आला, म्हणजे तीन पावलांत जग मोजणारा विष्णू. या घडणीची विटांची वास्तू देशात फार थोड्या ठिकाणी टिकली आहे, आंध्रातलं चेझर्ला हे त्यातलं एक. अर्धगोल भिंतीला पोरांनी हात लावत फेरी मारली. आई म्हणाली, "काय बघावं त्यात, विटाच की." मग स्वतःच पुढं म्हणाली, "कुंभाराचं गाव हाय, मातीचंच असणार."

तिनं सहज म्हटलं, पण ते खरंच आहे. उत्तरेश्वराचं देऊळ विटांचं, गोरोबाकाकांच्या समाधीजवळचं कालेश्वराचंही विटांचं. या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, असं गावात सांगतात. आणि गोरोबाकाका स्वतः कुंभार. संतमंडळी जमली असताना त्यांनी थापटण्यानं प्रत्येकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ती गोष्ट आईनं त्या मुलीला देवळाच्या सावलीत सांगितली. माझ्या सगळ्या तारखांपेक्षा तिला तीच आवडली. काकांची समाधी १३१७ सालची. तोपर्यंत पेरिप्लसमधलं तगर हजार-बाराशे वर्षं जुनं झालं होतं.

म्युझियममध्ये मात्र घाई करू नका. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं हे सरकारी संग्रहालय. लामतुरे तेरचेच. कोट टेकडी, बैराग टेकडी अशा जुन्या पांढरीच्या टेकड्या गावाभोवती आहेत. पावसाळ्यात वरची माती वाहून जाते आणि मणी, नाणी, खापरं उघडी पडतात. लोकांच्या पायाखाली येणाऱ्या या वस्तू लामतुरे वर्षानुवर्षं गोळा करत राहिले. वीस हजारांहून जास्त वस्तूंचा हा साठा पुढं सरकारकडे आला. सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या केओलिन मातीच्या साच्यातल्या बाहुल्या, दिवे. रोमन नाण्याची नक्कल करून मातीत केलेली, गळ्यात घालायची पदकंही आहेत. खरं सोनं परवडत नव्हतं त्यांनी मातीत हौस भागवली. त्या मुलीची आई या कपाटासमोर बराच वेळ उभी होती. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकटही इथंच.

हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती चुकवू नका. इटलीत पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ साली अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पाँपेईची मूर्ती तेरहूनच गेली असं छातीठोकपणे सांगणारे रील मात्र पुढं पाठवू नका. जालन्याच्या भोकरदनलाही तशीच मूर्ती सापडली आहे. एवढं नक्की, की आपल्या मराठवाड्यातल्या कारागिरांच्या हाताला त्या काळी समुद्रापार गिऱ्हाईक होतं.

मला काळजी आहे ती टेकड्यांची. १९५८ मध्ये चापेकरांनी इथं उत्खनन केलं, नंतरही झालं, पण बरंचसं शहर अजून मातीखाली आहे. जुन्या गावठाणाची पांढरी माती शेतात टाकायला चांगली म्हणून नेण्याची आपल्याकडे जुनी रीत. पूर्वी बैलगाडी होती, एका दिवसात किती नेणार? आता जेसीबी आहे. बघायला कुणी येत नाही, प्रश्न कुणी विचारत नाही, तिथं टेकडी कमी झाली तर बातमी होत नाही. हे मी बातम्या करणारा माणूस म्हणून सांगतोय. आमच्या पानावर तेर येतं ते यात्रेच्या दिवशी, मंत्र्यांच्या दौऱ्यात नाहीतर निधी मंजूर झाला की. माझ्याकडूनही तसंच झालंय.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सोमवारी सरकारी संग्रहालयं सहसा बंद असतात, तो वार टाळा. शक्यतो सकाळी निघा, आधी म्युझियम, मग त्रिविक्रम, दुपारी काकांचं दर्शन आणि तेरणेकाठी डबा. पाणी घरून न्या. मुक्काम शहरात असेल आणि दुसरा दिवस हाताशी असेल तर धाराशिव लेणीही करा. अपभ्रंश भाषेतल्या 'करकंडचरिउ' या जैन काव्यात तेरापूर आणि ही लेणी दोन्ही येतात. टेकडीवर पोरांना मणी किंवा नाणं सापडलं तर खिशात घालू देऊ नका, म्युझियममध्ये नेऊन द्या. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तुमच्या आजोबांच्या पेटीत तेरचं काही पडून असेल तर त्याचाही विचार करा.

परतीच्या गाडीत ती मुलगी वहीत हत्तीच्या पाठीचं देऊळ काढत होती. सोमवारी वर्गात वॉटर पार्कच्या गप्पा चालल्यावर तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तिच्या आईनं मात्र आईला विचारलं, "काकू, पुढच्या महिन्यात कुठं?" नळदुर्ग ठरलंय. बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल. त्यावर पुढच्या पोस्टमध्ये.