चुन्याची घाणी

सह्याद्रीचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. बांधकामास पुरेल असा चुनखडक त्यात नाही. मग एवढे गडकोट, वाडे आणि घाट बांधणाऱ्यांनी चुना आणला कोठून? घाटमाथ्यावर ओढ्यानाल्यांच्या काठी मातीत चुनखडीचे खडे सापडतात. ते वेचावयाचे आणि भट्टीत भाजावयाचे. कोकणात शिंपल्या भाजीत. मुंबईतील चुनाभट्टी या वस्तीच्या नावात तो उद्योग अजून शिल्लक आहे.

भाजताना खड्यातील कर्बाम्ल वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. पाण्यात तो खदखदून फुटतो, विरतो. मग चुन्याची घाणी फिरू लागे. वर्तुळाकार दगडी चर, त्यात बैलांनी ओढलेले जड दगडी चाक. चुना आणि वाळू तासन्‌तास मळली जाई. कोठे गूळ, कोठे हिरडाही पडे. भिंतीत गेलेला हा चुना हवेतून तोच वायू परत घेतो आणि सावकाश पुन्हा दगड होतो. घाईच्या माणसाचे हे काम नव्हेच.

घाई आली ती सिमेंटबरोबर. १८२४ साली इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिनने त्याचे पेटंट घेतले. १९१४ साली पोरबंदरला कारखाना चालू झाला. सिमेंटही चुनखडकाचेच अपत्य, पण स्वभावाने ताठर. जुन्या तटाच्या सांध्यांत ते भरले की आतली ओल कोंडते आणि भिंतच खिळखिळी होऊ लागते. म्हणून डागडुजीला आज पुन्हा चुनाच हवा असतो. अनेक गडांवर घाणीचे चर आणि चाके पडून आहेत. चुना किती मळला म्हणजे पुरे, हे ज्यांच्या हाताला कळते असे गवंडी मात्र थोडे उरले आहेत.