मिन्यो प्रांताचें हिरवें सूप

पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यांत मिन्यो नांवाचा पावसाळी प्रांत आहे. तेथील शेतकऱ्याच्या चुलीवर जें सूप शिजतें, त्यास ‘काल्दु व्हेर्द’, म्हणजे हिरवा रस्सा, असें म्हणतात. सामग्री अगदीं थोडी: बटाटे, कांदा, लसूण, मीठ, ऑलिव्हचें तेल आणि परसांतल्या कोबीचीं पानें. ही कोबी गड्डा धरीत नाहीं. तिचा दांडा उंच वाढतो आणि खालचीं पानें खुडीत गेलें तरी वर नवीं फुटत राहतात. त्यामुळें हिवाळ्यांतहि घरांत भाजीची वाण पडत नाहीं.

बटाटे, कांदा व लसूण पाण्यांत मऊ शिजवून घोटावयाचे. पानांचे जाड देठ काढून त्यांची घट्ट गुंडाळी करावयाची व तीं गवताच्या काडीसारखीं बारीक चिरावयाचीं. उकळत्या रश्शांत तीं अगदीं शेवटीं पडतात. फार शिजलीं, कीं रंग काळवंडतो आणि नांवांतला ‘हिरवा’ हा शब्द लटका ठरतो. वरून तेलाची धार, ऐपत असल्यास डुकराच्या सॉसेजची एक चकती, आणि सोबत मक्याचा जाड पाव.

हें सूप पुरातन मानण्याची प्रथा आहे. वास्तविक त्यांतलें पान तेवढें पुरातन; कंद नवा. मका अमेरिकेंतून १६ व्या शतकांत आला. अँडीज पर्वतांतला बटाटा उत्तर पोर्तुगालच्या शेतांत शिरला तो १८ व्या शतकाच्या उत्तरार्धांत, आणि सर्वत्र रुजला तो १९ व्या शतकांत. तोंपर्यंत गरिबाचें पोट चेस्टनट, सलगम व कडधान्यें यांवर भरत असे.

बटाटा आला तरी दारिद्र्य गेलें नाहीं. जमिनीचे तुकडे लहान, खाणारीं तोंडें फार. म्हणून १९ व्या शतकांत मिन्योचे तरुण ब्राझीलला गेले आणि १९६० नंतर हजारोंच्या संख्येनें, पुष्कळदां चोरवाटेनें, फ्रान्सला. याच काळांत सालाझारची राजवट साध्या, समाधानी, गरीब घराचे गोडवे गात होती. अमालिया रॉद्रिगिश या गायिकेनें लोकप्रिय केलेल्या ‘उमा काझा पुर्तुगेझा’ या गीतांतहि हें वाफाळतें सूप आहे. सूप रुचकर खरें. पण तें खाऊन जो गांव सोडतो, त्याच्या समाधानाचें गीत दुसऱ्यानेंच रचावें, हें चमत्कारिक आहे. १९७४ सालीं ती राजवट कोसळली. सूप मात्र टिकलें, आणि २०११ सालीं पोर्तुगालच्या सात श्रेष्ठ खाद्यपदार्थांत निवडलें गेलें.

मराठी माणसास त्याचें साहित्य परकें वाटूं नये. बटाटा, कोबी आणि पाव हे तिन्ही शब्द मराठींत पोर्तुगीजांकडूनच आले. आशियाई भाषांतील अशा शब्दांचा कोश गोव्याचे सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांनीं १९१३ सालीं प्रसिद्ध केला. गंमत अशी, कीं ‘बटाटा’ हा मूळचा कॅरिबियन बेटांतला शब्द असून तेथें त्याचा अर्थ रताळें. तेव्हां जुन्या प्रवासवर्णनांत तो दिसला, तर कोणता कंद अभिप्रेत आहे हें तपासूनच घ्यावें लागतें.

गोव्यांत पोर्तुगीज सत्ता १५१० पासून १९६१ पर्यंत होती. तेथील ख्रिस्ती घरांत हें सूप आजहि होतें. परंतु मिन्योच्या कोबीऐवजीं बहुधा पालक पडतो. चकती गोव्याच्याच सॉसेजची घातली, तर त्यांतील लाल मिरची व शिरका रश्शांत उतरतात, आणि हिरव्या सुपावर तांबडा तवंग येतो.