बाप हद्रमौतचा, आई पैठणची

माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, जुनं काही सांगायला बसले की थेट मालेगावच्या किल्ल्यात शिरत. आत ‘अपन के लोगां’, बाहेर इंग्रज. जवळजवळ महिनाभर वेढा चालला, दारूचं कोठार उडालं, तटाला भगदाड पडलं, तेव्हा कुठे अरब शरण आले. १८१८ सालचा हा वेढा पुस्तकांत सापडतो आणि दादांनी सांगितलेलं बहुतेक खरं आहे. फक्त आमच्या घरातलं कुणी त्या किल्ल्यात नव्हतं. आमचे पणजोबा मुंबईच्या बंदरात उतरले ते त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी. पिढ्या बोटांवर मोजल्या तरी हे कळतं, आणि दादांना मोजता येत होतं. पण मालेगाव सोडून पणजोबांपासून सुरुवात केली असती तर गोष्ट एका उपाशी पोराच्या बोटीतून सुरू झाली असती. त्यापेक्षा तोफांपासून सुरू केलेली बरी, असा त्यांचा हिशेब असावा.

आम्ही चाऊस, म्हणजे दख्खनमध्ये आलेल्या अरब शिपायांचे वंशज. मराठवाड्यात जालना, परभणी, नांदेड आणि आताचं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आमच्या जुन्या कागदांवरचं औरंगाबाद, इथे हे आडनाव वर्गात एखादं तरी असतंच. मुळात हे आडनाव नव्हे. कुणी याफई, कुणी कसीरी, कुणी बावजीर अशी घराणी होती. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी सरसकट चाऊस लिहिलं आणि ते चिकटलं. मूळ मुलूख दक्षिण येमेनमधला हद्रमौत. कोरडी खोरी, मातीच्या विटांच्या उंच, अनेक मजली हवेल्यांचं शिबाम, किनाऱ्यावर मुकल्ला आणि शिहर ही बंदरं. शेती पोट भरेल इतकी कधीच नाही. म्हणून पुरुषांनी बाहेर पडायचं, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कुणी जावाला व्यापाराला, कुणी पूर्व आफ्रिकेला, आणि ज्यांच्याकडे विकायला फक्त मनगट होतं ते दख्खनला.

दख्खनमध्ये आधी त्यांना मराठ्यांनी ठेवलं, हे आमच्या मराठी मित्रांना सांगितलं की ते चमकतात. बडोद्याच्या गायकवाडांकडे, नागपूरच्या भोसल्यांकडे, शिंद्यांच्या ताब्यातल्या नगरमध्ये अरब शिपाई होते. १८०३ साली नगरच्या पेठेच्या तटावर वेलस्लीच्या फौजेला त्यांनी झुंजवलं. नागपुरात तर आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाले तरी शहरातले अरब हटेनात. बायकापोरं आणि सामानसुमान घेऊन सुखरूप जाऊ देण्याचं कबूल झाल्यावर, १८१७च्या डिसेंबरात, त्यांनी शहर सोडलं. बायकापोरं, हे लक्षात ठेवा. त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे. मराठी सत्ता बुडाली तसा या लोकांचा धनी गेला आणि चाकरीला मुख्यतः निजामाचं राज्य उरलं. नांदेडकडे हटकरांचे नाईक नोवसाजी यांच्या नोव्ह्याच्या गढीतही १८१९ साली अरबच लढले आणि शेकड्यांनी मेले. हटकर नाईकासाठी हद्रमौतचे शिपाई मेले, ही गोष्ट दादांना माहीत नव्हती. मला ती फार उशिरा कळली. त्यांना सांगता आली असती तर मालेगाव मागे पडलं असतं.

खरं म्हणजे आमच्या औरंगाबादेत परका कोण, हे ठरवायला बसलं तर पंचाईतच आहे. १६१० साली खडकी, म्हणजे हेच शहर, वसवून नहरीने पाणी आणणारा मलिक अंबर इथिओपियाचा, गुलाम म्हणून हातोहात विकला जात इथवर आलेला. पहिल्या निजामाचे आजोबा मध्य आशियातून आले आणि १६८७ साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात गेले. पाणचक्कीच्या आवारात ज्यांची कबर आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे. त्यांच्या तकियात त्यांच्या मुलखाकडचे शिपाई, फकीर येऊन टेकत, गावाकडची खबर विचारत. आज आपण तिथे सहलीची पोरं नेतो आणि चक्की कशी फिरते ते दाखवतो. परदेशात गेलेला आपला भाचा पहिल्या आठवड्यात मराठी मंडळ शोधतो, त्यातलंच ते ठिकाण होतं, हे कुणी सांगत नाही.

दादा लढाया सांगत, पण शिपायांनी शांततेच्या काळात काय केलं ते सांगत नसत. ते मला अंबड तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या पाटलीणबाईंनी सांगितलं. मी चाऊस आहे हे कळल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आमच्या सासूबाई पोरांना भ्या घालायला तुमचं नाव घ्यायच्या बरं का.’’ सावकाराचं देणं थकलं की दारात चाऊस येऊन बसे. कमरेला जंबिया. बोलायचा नाही, उठायचा नाही, त्याचं खाणंपिणं आणि रोजचा भत्ता देणेकऱ्याच्याच माथी. पैसे फिटेपर्यंत मुक्काम. निजामाच्या राज्यात हा धंदाच होता. हैदराबादचे मोठे अरब जमादार स्वतःच सरकारला कर्ज देत आणि बदल्यात आख्ख्या तालुक्यांचा वसूल लिहून घेत. १८५३मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाले, त्यांची पुष्कळ वर्षं हे तालुके सोडवण्यात आणि अरब-रोहिल्यांना वेसण घालण्यात गेली. यातल्याच एका जमादाराच्या, उमर बिन अवद कुऐतीच्या, मुलांनी दख्खनच्या पैशावर शिहर आणि मुकल्ला जिंकलं आणि सल्तनत उभी केली. ती १९६७पर्यंत टिकली. मराठवाड्याच्या काळ्या मातीतला पैसा तिकडच्या तटबंदीत गेला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. पाटलीणबाईंना मी चहा पिताना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे आमच्या बैलांवर राजे झाले म्हणा की.’’

आता बायकापोरं.

हद्रमौतहून येणारा पुरुष एकटा येई. तिकडून बायको आणायची पद्धत नव्हती. त्याने इथेच निका लावायचा. माझे पणजोबा आले तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे असतील. औरंगाबादेत जिन्सीकडे कुणा नात्यातल्या जमादाराच्या हाताखाली लागले आणि पुढे पैठणच्या एका मुलीशी त्यांचं लग्न झालं. ती कुणाची, हे घरात दोन तऱ्हांनी सांगितलं जाई. दादा म्हणत, साळ्या-मोमिनांच्या वस्तीतली, विणकराची लेक. फुफी, म्हणजे आत्या, दार लोटून घेऊन सांगायची की ती छप्पन्नच्या दुष्काळात आईबापांवेगळी झालेली पोर होती आणि विणकराने तिला सांभाळलं. १८९९-१९००चा तो दुष्काळ मराठवाड्याने असा भोगला की फुफीचं म्हणणं मला जास्त पटतं. पण पुरावा काही नाही.

पणजोबा तिच्याशी कोणत्या भाषेत बोलले असतील? अरबी तिला येत नव्हती, त्यांना दुसरं काही येत नव्हतं. शेवटी भाषा तिचीच राहिली. पोरं दखनी बोलायला लागली, ‘नक्को’, ‘हौ’, ‘कायकू’ करत, आणि मळ्यातल्या गड्यांशी मराठी. चुलीवर जोंधळ्याची भाकरी आणि अंबाडा-गोश्त. अंबाडीच्या आंबट पाल्यात शिजवलेलं मटण ही आमची सणाची भाजी. रमजानात हरीस करण्यापुरतं अरबस्तान घरात येई, आणि लग्नात मरफ्याचे ढोल वाजले, म्हातारे लुंग्या सावरत काठ्या नाचवायला उतरले की दाराशी उभं राही. त्याच लग्नात नवरीला हळद लागे, हिरव्या बांगड्या भरत आणि गळ्यात काळी पोत बांधत. ही काळी पोत दख्खनच्या मुसलमान बायका पिढ्यान्‌पिढ्या घालत आल्या आहेत. माझ्या दादीने ती दादा गेले त्या दिवशी काढली. शेजारच्या देशपांडे काकू तेव्हा तिच्याजवळ बसून होत्या. त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

मिसळून जाणं म्हणतात त्याची चर्चा नेहमी पुरुषांवरून होते. कुठल्या फौजेत होता, कुणाचं मीठ खाल्लं, कुणाशी निष्ठा. मला वाटतं, आमच्या घरात तरी ते काम पणजीने एकटीने केलं, आणि पणजोबांना कळायच्या आत केलं.

आम्ही नेमके कुठले, हा प्रश्न १९४८ने उघड्यावर आणला. सप्टेंबरात भारतीय फौजा आल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मराठी घरांतले म्हातारे त्या दिवसांना ‘रझाकारी’ म्हणतात, आमच्या घरात ‘पोलीस अ‍ॅक्शन’. दोन्ही घरांत त्या वर्षाबद्दल बोलताना आवाज खाली येतो आणि दोन्हींकडे त्याला कारणं आहेत. आमच्यापैकी कुणी रझाकारांत होतं का, हे मी दादांना एकदा विचारलं. ते तंबाखू मळत राहिले. मी पुन्हा विचारलं नाही.

नव्या सरकारने परदेशात जन्मलेले अरब आणि पठाण वेगळे काढले, छावण्यांत ठेवले आणि पुष्कळांना जहाजांतून परत पाठवलं, अरबांना एडनकडे. दादा खजिन्यावर पहारेकरी होते. त्यांनाही बोलावलं. त्या प्रश्नोत्तरांची नक्कल ते हुबेहूब करत. ‘‘पूछे, कहाँ का है रे? मैं बोला, बाप हद्रमौत का, माँ पैठण की. साहब बोले, बाप की बात करो. मैं बोला, साब, बाप मर गया, माँ घर में बैठी है, उसीकू पूछ लेव.’’ साहेबाने खरंच माणूस पाठवून पणजीला विचारलं, असं दादा सांगत. हा भाग रंगवलेला असणार. पण ते सुटले. त्यांचा चुलतभाऊ सुटला नाही. तो तिकडे जन्मलेला, तिसाव्या वर्षी इकडे आलेला. त्याची बायको जालन्याची. तिला बरोबर जायची मुभा होती असं म्हणतात. ती म्हणाली, दोन शेळ्या आणि तीन पोरं आहेत, मी समुद्रात कशाला येऊ? तो गेला त्या हद्रमौतात १९४३-४४चा दुष्काळ होऊन गेला होता आणि १९४८-४९मध्ये पुन्हा पडला होता. परदेशातून येणाऱ्या पैशावर जगणारा मुलूख तो. महायुद्धात जावाकडचा पैसा आटला आणि माणसं मेली. आता त्यात हैदराबादकडचा झराही गेला. त्याची दोन पत्रं आली. अरबीत. घरात कुणाला अरबी कळेना. मशिदीतल्या मौलानांना कुराणाची अरबी येत होती, त्या हाताची येत नव्हती. पत्रं पेटीत राहिली, आणि १९७२च्या दुष्काळात पेटी विकली तेव्हा गेली.

१९५०च्या जानेवारीत राज्यघटना अंमलात आली. पाचव्या अनुच्छेदात नागरिक कोण ते लिहिलं आहे. इथे घर असलं पाहिजे, आणि एकतर जन्म इथला हवा, किंवा आईबापांपैकी कुणा एकाचा जन्म इथला हवा, किंवा आधीची किमान पाच वर्षं इथे राहणं झालेलं हवं. आईबापांपैकी कुणा एकाचा. साहेब बापाची बात करत होते, घटनेने आईलाही विचारलं. दादांना हे कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी दाखवलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘हौ, तो मैं क्या बोल रहा था?’’

पुढचं पटकन सांगतो, कारण ते सगळ्यांचंच आहे. निजामाच्या राज्यात कचेरी उर्दूत चाले. १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला, आणि उर्दू शिकलेले लोक एका रात्रीत अडाणी झाले. वडील उर्दूत सातवी. ‘एस.टी.’त वाहक व्हायला मराठी हवी, म्हणून त्यांनी गुलमंडीवरच्या एका दुकानदाराकडून मराठी पाट्या वाचायला शिकून घेतलं. मी मराठी शाळेत गेलो, मग नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयात, आणि मराठीच शिकवत निवृत्त झालो. धाकटा काका सत्तरच्या दशकात तेलाच्या पैशामागे जेद्दाला गेला. आपण मूळचे तिकडचेच, तेव्हा मान मिळेल असं त्याला वाटलं होतं. तिथे त्याला हिंदी म्हणत. सुट्टीवर आला की सुटकेसमध्ये येसर आणि काळा मसाला भरून न्यायचा.

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरात मंदीचे बोर्ड लागले आहेत. मोठ्या थाळ्यातला भात, वर अख्खी रान, गाद्यांवर बसून खायचं, भिंतीवर उंटांची चित्रं. मंदी ही अस्सल हद्रमौतची. माझी नात मला तिथे घेऊन गेली आणि म्हणाली, आजोबा, हे आपलं मूळचं जेवण. चव चांगली होती. पण पणजीने, दादीने किंवा अम्मीने मंदी एकदाही केली नाही. ती आमच्या पणजोबांबरोबर आलेली नाही, आखातातल्या नोकऱ्यांबरोबर हैदराबादमार्गे आली आहे. मूळचं जेवण म्हणायचं तर अंबाडा-गोश्त. पण त्यासाठी कुणी गाद्या घालून उंट रंगवणार नाही, हे मला कळतं.

आमच्या घरी एक शजरा आहे, वंशावळ. दादांनी कुणाकडून तरी सुंदर अक्षरात उतरवून घेतलेला. अमुक बिन तमुक बिन फलाणा, असा तो हद्रमौतच्या कुठल्याशा खोऱ्यापर्यंत जातो. त्यात एकही बाई नाही. गेल्या वर्षी मी पेन्सिलीने बाजूला लिहायला घेतलं. पणजी, पैठण. चुलतआजी, जालना, दोन शेळ्यांची. दादी, अंबड. पणजीचं नाव फुफीला आठवत होतं की नाही, ते आता कळणार नाही. मी विचारायला गेलो त्याच्या आधीच्या पावसाळ्यात ती गेली. तुमच्या घरी असा कागद असेल, मग तो शजरा असो, कुलवृत्तांत असो की भाटाची वही, तर त्यात माहेरं भरून घ्या. त्यासाठी हद्रमौतला जावं लागत नाही. जी आत्या, मावशी किंवा फुफी अजून आहे तिच्याकडे या रविवारी जा, आणि जाताना वही घेऊन जा.