हिरवळीवरची लिपी

गोल्फ खेळणारा माणूस चेंडू ढकलण्याआधी जमीन 'वाचतो'. ही माझी उपमा नव्हे, त्या खेळातला तो रोजचा शब्द आहे. कवितेच्या नादी लागलेल्या माणसाला अशा शब्दापाशी थांबावंच लागतं. जमीन वाचायची म्हणजे नेमकं काय वाचायचं? तिची अक्षरं कोणती? आणि ज्याच्या पायाखाली ती जमीनच नाही, जो खोलीत बसून टीव्हीच्या पडद्यावर गोल्फ खेळतो, त्याने ती वाचायची कशी? या शेवटच्या प्रश्नाला व्हिडिओ गेम तयार करणाऱ्यांनी गेल्या चाळीस वर्षांत जी उत्तरं शोधली, त्यांची गोष्ट आज सांगायची आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फची काठी हातात धरलेली नसते. म्हणून आधी दोन शब्द मैदानाविषयी. दूरवरून मारत आणलेला चेंडू शेवटी अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर येतो. तिला ग्रीन म्हणतात. तिथे १०८ मिलिमीटर रुंदीचा खळगा असतो आणि चेंडू हलकेच ढकलून त्यात घालायचा असतो. हे झालं पटिंग. गोट्या खेळताना आपण टाचेने खळगा करायचो, तसंच काहीसं. पण ग्रीन सपाट नसते. ती कुठे डावीकडे कलते, कुठे मध्येच फुगते. सरळ निघालेला चेंडू त्यामुळे वाटेत वळतो. या वळणाला 'ब्रेक' म्हणतात. गाडीच्या ब्रेकशी त्याचा संबंध नाही. हे वळण किती, हे आधी ओळखायचं आणि तेवढा नेम बाजूला धरायचा, याचं नाव ग्रीन वाचणं.

मैदानावरचा खेळाडू हे वाचन सगळ्या अंगाने करतो. उकिडवा बसून डोळे जमिनीलगत आणतो, खळग्याच्या पलीकडे जाऊन उलटा बघतो, चालताना तळपायाला जाणवणारा कल लक्षात ठेवतो. पडद्यावर यातलं काहीच नाही. काच सपाट, पाय जमिनीवर नाहीत. म्हणजे तळपायाला कळणारी गोष्ट डोळ्यांना सांगायची, असा तो पेच होता. एका अर्थाने ते भाषांतरच होतं.

१९८४ साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी 'गोल्फ' नावाचा साधासुधा गेम आला. त्याचा प्रोग्रॅम सातोरू इवाता या तरुणाने लिहिला होता. यंत्राची स्मरणशक्ती एवढीशी, आणि त्यात अठरा होलचं मैदान बसवायचं. इवातांनी ते बसवलं. चेंडू ग्रीनवर आला की पडद्यावर ग्रीन मोठी होई आणि तिच्यावर बारीक बाण दिसत. बाण जिकडे, उतार तिकडे. बस्स, एवढंच. पण माझ्या मते ही या लिपीची मुळाक्षरं.

हे बाण मी पाहिले ते आपल्याकडेच. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम घराघरांत आले होते. एकेका कॅसेटमध्ये कितीतरी खेळ कोंबलेले असत. माझ्या भाच्याकडच्या कॅसेटमध्ये गोल्फही होता. मी चेंडूकडे बघत बसायचो आणि तो म्हणायचा, "मामू, चेंडू काय बघता, बाण बघा!" त्या पोराने खरा गोल्फ कधी पाहिला नव्हता, पण हिरवळीला उतार असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

१९८६ साली अमेरिकेत 'लीडर बोर्ड' हा गेम आला. त्याने बाणांऐवजी वेगळी युक्ती केली. ग्रीनवर एक उभी काठी, आणि तिच्या बुडाशी सावलीसारखी एक रेघ. रेघ ज्या दिशेला, तिकडे उतार. रेघ जितकी लांब, उतार तितका तीव्र. बाण फक्त दिशा सांगत होता, या रेघेने मापही सांगितलं. पुढे १९९० साली 'पीजीए टूर गोल्फ' या गेमने ग्रीनवर चौकटींची जाळीच अंथरली. जाळी जिथे फुगली तिथे उंचवटा, जिथे खचली तिथे खोलगट. आता ग्रीनचं प्रत्येक वळण वेगळं दिसू लागलं. मग जाळीच्या रेषांवरून मणी धावू लागले. 'पीजीए टूर २के२१' या २०२० सालच्या गेममध्ये हे मणी उताराच्या दिशेने सरकतात. जिथे उतार जास्त, तिथे त्यांची धाव जास्त. पागोळ्यांचं पाणी अंगणात कुठे वळतं हे बघून जमिनीचा कल ओळखावा, तसं हे आहे. मधल्या काळात, २००६ साली, 'वी स्पोर्ट्स' गेममध्ये बटण दाबलं की ग्रीनचा नकाशा रंगांत दिसे आणि रंगावरून चढ-उतार ओळखायचा. गंमत म्हणजे त्यातले नऊ होल इवातांच्या जुन्या गेममधूनच घेतले होते, आणि तोवर इवाता निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले होते. ११ जुलै २०१५ रोजी ते गेले. २०१७ साली आलेल्या 'स्विच' यंत्रात त्यांचा तो पहिला गोल्फ गुपचूप ठेवला होता. यंत्रातली तारीख ११ जुलै असेल आणि इवातांची ती ओळखीची हातांची खूण केली, तरच तो उघडे.

नुसता उतार दाखवून भागत नाही. त्या उतारावर चेंडूने खऱ्यासारखं वागायला हवं. कॅरम खेळलेल्या माणसाला यातलं निम्मं विज्ञान आधीच येतं. बोर्डावर पावडर टाकली की सोंगटी सुसाट जाते, पावडर उडाली की अडखळते. गवताचंही तसंच. १९३५ साली अमेरिकेत ओकमॉन्ट इथे मोठी स्पर्धा होती. जीन सॅराझेन या नामवंत खेळाडूचा चेंडू ग्रीनवरून घरंगळत बाहेर गेलेला एडवर्ड स्टिम्पसन यांनी पाहिला. ग्रीन वाजवीपेक्षा वेगवान आहे हे नुसतं म्हणून कोण ऐकणार? त्यांनी मोजायचं साधन केलं. खाचेची एक पट्टी, ती हळूहळू उचलायची, ठरलेल्या कोनाला चेंडू आपोआप सुटतो आणि तो किती फूट गेला ते मोजायचं. १९७८ पासून अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने हे साधन सुधारून मैदानांची निगा राखणाऱ्यांना दिलं. दहा फूट म्हणजे ग्रीन बरीच वेगवान. गेममध्ये ग्रीनचा वेग निवडायची सोय असते, तिच्यामागे हेच मोजमाप आहे.

आता एक हिशेब बघा. सपाट ग्रीनवर ज्या धक्क्याने चेंडू दहा फूट जातो, त्याच धक्क्याने शंभर फुटांत दोन फूट घसरणाऱ्या उतारावर तो सुमारे तेरा फूट जाईल आणि तेवढ्याच चढावर सुमारे आठ. आणि वळणाची खरी गोम पुढेच आहे. चेंडू थांबत थांबत जातो. पहिलं अर्धं अंतर त्याने एका सेकंदात तोडलं, तर उरलेल्या अर्ध्याला त्याला जवळजवळ अडीच सेकंद लागतात. उतार मात्र सारखाच ओढत असतो. म्हणून चेंडूची वाट सुरुवातीला सरळ दिसते आणि खळग्याजवळ एकदम वळते. जोरात मारला तर वळण कमी, पण वेग जास्त झाला की चेंडू खळग्यावरून उडून पलीकडे जातो. ब्रायन होम्स यांनी १९९१ साली याचं गणित मांडलं. चेंडू खळग्याच्या बरोबर मध्यावरून गेला, तरी सेकंदाला १.६३ मीटरपेक्षा जास्त वेग असला तर तो आत पडत नाही. म्हणजे प्रत्येक वेगाला वेगळी वाट आणि प्रत्येक वाटेला वेगळा वेग. ग्रीन वाचणं म्हणजे या जोड्यांतली एक निवडणं. बाण हे सांगत नाही. तो फक्त जमिनीचा स्वभाव सांगतो, चेंडूचं काय करायचं ते तुमच्यावर सोडतो.

इथवर पडदा मैदानाकडून शिकत होता. मग उलटं सुरू झालं. मार्क स्वीनी यांच्या 'एमपॉइंट' तंत्राने २००७ पासून गोल्फ चॅनेलच्या प्रक्षेपणात खऱ्या ग्रीनवर चेंडूची अपेक्षित वाट रेघेने दाखवायला सुरुवात केली. गेममधली रेघ खऱ्या गवतावर उमटली म्हणा ना. हळूहळू ग्रीन लेसरने मोजून त्यांचे तपशीलवार नकाशे छापले जाऊ लागले आणि ते खेळाडूंच्या खिशात आले. त्यांत उतारही होते आणि बाणही होते. भाचा मला जे 'बघा' म्हणत होता, तेच आता जगातले अव्वल खेळाडू बघू लागले.

गोल्फच्या धुरीणांना ते रुचलं नाही. २०१९ साली या नकाशांच्या आकारावर मर्यादा आली. जानेवारी २०२२ पासून पीजीए टूरने ते जवळपास बंदच केले. ग्रीनचा फक्त ठोकळ नकाशा जवळ ठेवा, बाकी स्वतः बघून, स्वतःच्या हाताने काय टिपाल ते टिपा. ऑगस्टा इथल्या मास्टर्स स्पर्धेत तर अशा नकाशांना आधीपासूनच मज्जाव होता. पण त्याच ऑगस्टाच्या ग्रीन २०११ सालच्या एका गेमसाठी लेसरने मोजल्या गेल्या होत्या. म्हणजे घरात खेळणाऱ्या पोराला ऑगस्टाचा उतार बघायची मुभा, आणि तिथे प्रत्यक्ष उभ्या असलेल्या खेळाडूला नाही!

यात कोण बरोबर? मला इथे उर्दू लिपी आठवते. मुलांच्या पहिल्या पुस्तकात अक्षरांच्या वर-खाली जेर, जबर, पेश या खुणा असतात. कुठला स्वर म्हणायचा ते त्या सांगतात. मोठ्यांच्या पुस्तकांत त्या बहुधा गाळलेल्या असतात. वाचणारा मागचं-पुढचं बघून स्वर स्वतः भरतो. आपली मोडीही अशीच, ऱ्हस्व-दीर्घ वाचणाऱ्यावर सोडणारी. खुणा नसल्या तर मूल वाचायला शिकणार नाही. पण खुणांशिवाय वाचताच आलं नाही, तर ते वाचन अजून पहिल्या पुस्तकातच आहे. गेमवाल्यांनाही हे कळलं आहे. म्हणून त्यांच्याकडे जाळी बंद करून खेळायची अवघड पातळीही असते.

२०१३ च्या मास्टर्समध्ये ॲडम स्कॉट आणि आन्हेल काब्रेरा यांची बरोबरी झाली आणि जादा होल खेळवावे लागले. दुसऱ्या जादा होलवर, दहाव्या ग्रीनवर, संध्याकाळ इतकी दाटून आली होती की स्कॉटला उतार नीट दिसेना. त्याने आपला कॅडी स्टीव्ह विल्यम्स याला बोलावलं. स्कॉटला वळण वाटत होतं साधारण एका खळग्याच्या रुंदीएवढं. विल्यम्स म्हणाला, निदान दोन. स्कॉटने त्याचं ऐकलं, चेंडू आत गेला आणि मास्टर्स जिंकणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन ठरला.

तिथे बाण नव्हता, जाळी नव्हती, पुरेसा उजेडही नव्हता. होती ती एका माणसाची अशा कितीतरी ग्रीन पाहून तयार झालेली नजर, आणि दुसऱ्याची तिच्यावर विसंबायची तयारी. बाण काढून टाकणाऱ्यांना जपायचं आहे ते हेच असावं. आणि बाण काढणारे, म्हणजे ते पहिल्यांदा पडद्यावर रेखाटणारे? ज्यांच्या गावात हिरवळ नाही अशा लाखो मुलांना त्यांनी तिची मुळाक्षरं शिकवली. मला दोघेही हवे आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)